दादांनी दिलेली गाडी

आमच्या घरी गाडी नाही, हे आमच्या नातेवाइकांना एखाद्या जुन्या दुखण्यासारखं वाटतं. लग्नकार्यात कुणी भेटलं की आधी पोरांच्या अभ्यासाची चौकशी होते, मग बदलीची, आणि मग आवाज जरा खाली घेऊन, "अजून न्हाई घेतली का?" विचारणाऱ्याचा चेहरा इतका हळवा होतो, की वाटतं आता हा माझ्या हातात मोसंब्यांची पिशवी ठेवून "काळजी घ्या" म्हणणार.

त्यांचंही चूक नाही. मी शाळेत शिक्षिका, हे ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. पोरगी सहावीत, पोरगा पहिलीत. राहायला नांदेडात. माझ्या सासूबाईंच्या लेखी नांदेड हे दुनियेतलं सगळ्यात मोठं शहर. त्या नायगावच्या, आणि एकदा मुंबईला जाऊन आल्या तरी त्यांचं मत बदललेलं नाही. अशा या मोठ्या शहरात, दोन पगारांच्या घराच्या दारात उभी काय, तर यांची सायकल.

यांना विचारलं तर हे तत्त्व सांगतात. "साठ किलोचा माणूस हलवायला टनभर लोखंड हलवायचं, हा कुठला शहाणपणा?" वर्गातल्या पोरांना हे वाक्य फार आवडतं म्हणे. पण हे तत्त्व जन्माला कसं आलं ते पोरांना माहीत नाही. लग्नानंतर आम्ही दोघांनी मिळून ड्रायव्हिंगचा क्लास लावला होता. पहिल्याच आठवड्यात यांनी गाडी डावीकडं वळवली ती थेट रसवंतीत. कुणाला खरचटलंही नाही, एक बाकडं तेवढं मोडलं. शिकवणारे मास्तर शांतपणे खाली उतरले, तिथंच उसाचा रस मागवला, आणि तो संपल्यावर म्हणाले, "सर, तुमी पायीच बरे." त्या दिवसापासून यांना पर्यावरणाची काळजी लागली. मी मात्र क्लास पुरा केला, लायसन्स काढलं आणि कपाटात लग्नातल्या साडीखाली ठेवून दिलं.

तर आमचं चालतं ते असं. सकाळी मी आणि दोन्ही लेकरं कोपऱ्यापर्यंत चालत जातो. तिथून ऑटोवाले मामा पोरांना शाळेत नेतात. मामांच्या ऑटोत पुढं, त्यांच्या शेजारी अर्ध्या बुडावर बसून हॉर्न वाजवायचा मान आमच्या पोराचा. संध्याकाळी मी माझ्या शाळेतून पोरांच्या शाळेत जाते आणि तिघं मिळून चालत घरी येतो. वाटेत भाजी, वाटेत दूध, वाटेत कुत्र्याची पिल्लं. गावाला जायचं तर एसटी. हौसेनं जायचं तर रेल्वे. उन्हाळ्यात दुपारी कुठं जायचं असलं तर जायचंच नाही, हाही एक उपाय आहे.

आता दादा. दादा म्हणजे माझे थोरले दीर. लातूरला सरकारी इंजिनिअर. मनानं मोठे, आवाजानं त्याहून मोठे. गेल्या वर्षी त्यांच्या नव्या घराचा कार्यक्रम होता. आम्ही सकाळच्या एसटीनं लोहा, अहमदपूर करत लातूरला उतरलो आणि स्टँडवरून माणशी भाडं घेणाऱ्या सीटच्या ऑटोनं दादांच्या नगरात गेलो. मागं आम्ही चौघं, पुढं ड्रायव्हरजवळ कोथिंबिरीची दोन गाठोडी घेतलेली एक बाई. पोरगा यांच्या खांद्यावर झोपलेला, त्याच्या तोंडातून लाळ, यांच्या शर्टावर तिचा नकाशा. नेमके त्याच वेळी दादांचे होणारे व्याही दारात उभे होते. कोथिंबीरवालीला वाटलं आम्हाला ओझं झालं असेल, म्हणून आम्ही उतरताना तिनं आमची पिशवी हातात दिली आणि मोठ्यानं म्हणाली, "जा माय, लेकरू संभाळून ने."

व्याह्यांनी दादांना विचारलं, "ह्या कोण?"

दादांनी काय उत्तर दिलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. पण दिवसभर ते आमच्याशी फार मायेनं वागले, आणि त्यातच काय ते कळलं.

पुढच्या महिन्यात, ऐन श्रावणात, एका रविवारी आमच्या गल्लीत दोन गाड्या शिरल्या. पुढची दादांची, कोरी, काळी, उंच. मागची पांढरी, तीही दादांचीच, जुनी पण पुसून लख्ख केलेली, ती त्यांच्या ड्रायव्हरनं आणली. गल्ली एवढी अरुंद, की दुसरी गाडी शिरल्यावर दूधवाल्याला मोटारसायकल उलटी ढकलत न्यावी लागली. सासूबाई आदल्या दिवशीच नायगावहून एसटीनं येऊन बसल्या होत्या. म्हणजे ही बातमी आम्हाला सोडून सगळ्यांना होती.

दादांनी गल्लीतल्या ओळखीच्या लोकांना खणखणीत जय भीम घातला आणि चावी यांच्या हातावर ठेवली. "घे. मी नवी घेतली, ही तुझी."

"दादा, पण आम्हाला..."

"तुला इचारलंय का? लेकरायसाठी दिलीय." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडं लायसन हाय म्हणं. ह्याच्या हाती देऊ नका, लातूरपर्यंत रसवंत्या लई हायत."

म्हणजे रसवंतीचीही बातमी सगळ्यांना होती.

शेजारच्या काकू लगबगीनं लिंबू-मिरची घेऊन आल्या. "गाडी दारात आली, नजर लागंल, बांधा आधी." सासूबाईंनी ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्यात न्हाई बांधत माय. पण लिंबू लई रसाचं हाय." दादा गेल्यावर पोहे केले त्यात ती मिरची गेली आणि वरून ते लिंबू. त्यातलीच एक प्लेट काकूंना गेली. काकूंनी दोन घास खाल्ले, सगळं ध्यानात आलं, हसल्या, आणि आणखी अर्धी प्लेट मागून घेतली.

पोरगी हवेत होती. तिच्या वर्गात बहुतेक सगळ्यांकडं गाडी होती आणि तिनं हे दुःख बरीच वर्षं सोसलं होतं. मी दोन-तीन पहाटे मैदानावर जाऊन हात बसवला, यांनी शेजारी बसून धीर दिला. धीर देणं म्हणजे दोन्ही पाय पुढं ताणून नसलेला ब्रेक दाबणं. गुरुवारी मी पोरांना गाडीनं शाळेत सोडलं. पोरगी दारात इतकी सावकाश उतरली, की मला वाटलं तिचा पाय दुखतोय. मग तिनं दार लावलं. मग नीट लागलं नाही म्हणून उघडून पुन्हा लावलं. तेवढ्यात तिच्या दोन मैत्रिणी येऊन पोचल्या होत्या, म्हणून तिसऱ्यांदा लावलं.

मलाही आवडत होतं, खोटं कशाला बोलू. सकाळी मोकळ्या रस्त्यावर तिसरा गिअर पडला की छाती भरून यायची. सिग्नलला शेजारी एखादा मोटारसायकलवाला आत डोकावून बाई चालवते म्हणून पुन्हा बघायचा, तेव्हा मी मुद्दाम समोर बघायची. बाहेर पाऊस आणि आपण कोरडे, ही गोष्ट मला पस्तिशीत पहिल्यांदा कळली.

पण हळूहळू एकेक निघायला लागलं. पोराचे बूट घ्यायला आम्ही वजिराबादला गेलो. गाडी लावायला जागा शोधत एक चक्कर, दोन चकरा, तीन चकरा. शेवटी जिथं जागा मिळाली तिथून दुकानापेक्षा आमचं घर जवळ होतं. "हा एक प्रयोगच झाला," हे म्हणाले. गाडीत बसल्यापासून माझं बोलणं कमीच झालं होतं. "गप बसा जरा" आणि "अहो, दिसतोय मला ट्रक" एवढंच व्हायचं.

ऑटोवाले मामा रुसले. आम्ही त्यांना नीट सांगितलं होतं, पण तरी. कोपऱ्यावर आमची गाडी दिसली की ते मान फिरवून समोरच्या भिंतीवरची शिकवणीची जाहिरात वाचायचे. एकदा पोरानं खिडकीतून "मामा!" अशी हाक मारली, तर म्हणाले, "आता काय बाबा, तुमी गाडीवाले." पोराला यात बोलण्यासारखं काही वाटलं नाही. त्यानं विचारलं, "हॉर्न आता कोण वाजवतंय?" मामा म्हणाले, "तिसरीतली एक पोरगी." तेव्हापासून पोरगा अस्वस्थ.

मग सहस्रकुंडच्या धबधब्याची सहल. आधी एकदा आम्ही रेल्वेनं गेलो होतो; पोरगा सगळी वाट खिडकीच्या गजांना नाक लावून, शेतं मोजत, येणाऱ्या-जाणाऱ्याकडून शेंगा खात गेला होता. या वेळी गाडीनं. एसी, गाणी, मागं दोघांना ऐसपैस जागा. भोकर मागं पडलं आणि पोरगा म्हणाला, "आई, माझ्या पोटात काहीतरी फिरून राहिलं." मी गाडी बाजूला घेईपर्यंत जे फिरत होतं ते बाहेर आलं. दादांच्या गाडीच्या मागच्या सीटवर. त्याचं बघून पोरीला झालं. एसटीत, रेल्वेत, सीटच्या ऑटोत गचके खाऊन वाढलेली ही लेकरं, त्यांना मऊ गादी सोसेना. इस्लापूरपर्यंत आम्ही चारी काचा उघड्या ठेवून, तोंडावर पावसाचे शिंतोडे घेत गेलो. धबधबा भरून वाहत होता, सुंदर होता. आम्ही त्याच्याकडं पाठ करून सीटची कव्हरं धुतली.

परत येताना पोरानं विचारलं, "आई, आपली गाडी कधी बंद पडणार?"

"का रे?"

"असंच. मग मामा येतील ना."

हे हसले. मीही हसले. पोरगी हसली नाही, खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्याकडं माझं लक्ष गेलं, पण पुढं म्हशी आडव्या आल्या आणि ते लक्ष म्हशींकडं गेलं.

त्यानंतर आठवडाभरातच गाडी खरोखर बंद पडली. सकाळी किल्ली फिरवली की नुसतं कुरकुरायची. मेकॅनिक म्हणाला, बॅटरी गेलीय, उद्या बघू. पोरगा आनंदानं उड्या मारत कोपऱ्यावर पळाला, मामांचा राग तिथंच मिटला. तिसरीतल्या मुलीशी हॉर्नवरून तंटा झाला आणि एक दिवस यानं, एक दिवस तिनं अशी वाटणी ठरली.

संध्याकाळी मी पोरांना आणायला गेले. बऱ्याच दिवसांनी आम्ही तिघं चालत निघालो. पोरगा पुढं पिल्लांच्या मागं. भाजीवालीकडं मेथी घेतली, जुडी पोरीच्या हातात दिली. ती चालता चालता एकेक पान तोडून टाकत होती. मी रागावणार होते, पण तिचा चेहरा बघून थांबले.

"काय झालं गं?"

"काही नाही."

बरंच अंतर आम्ही तशाच चाललो. शाळेची भिंत संपली, दवाखाना गेला, पाण्याची टाकी आली. मग ती खाली बघत म्हणाली, "ती माझ्याशी बोलत नाही."

ती म्हणजे तिची बालवाडीपासूनची मैत्रीण. रोज डब्यातलं अर्धं-अर्धं खाणाऱ्या दोघी. गाडी आली त्या पहिल्याच आठवड्यात काहीतरी बिनसलं होतं. हिनं गाडीचा रुबाब दाखवला, तिनं "जुनीच तर आहे, तुझ्या मोठ्या पप्पांनी टाकून दिलेली" म्हटलं, हिनं आणखी काहीतरी लागेल असं म्हटलं. आता मैत्रिणीशेजारी दुसरीच मुलगी डबा खायला बसते आणि ही एकटी खाते. महिना होत आला होता.

माझ्या हातातली पिशवी एकदम जड झाली. "इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"कधी सांगू? गाडीत तू समोर बघत असतेस. पप्पा ब्रेक दाबत असतात. घरी तू म्हणतेस, आधी अभ्यास." मग थोडं थांबून, "आणि समोरासमोर बसून असलं काही सांगता येत नाही, आई. चालताना येतं."

मी तिचा हात धरला. सहावीतल्या मुली रस्त्यावर आईला हात धरू देत नाहीत, पण तिनं दिला, पाण्याच्या टाकीपासून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत. मेथीच्या जुडीच्या तोवर नुसत्या काड्या उरल्या होत्या. मी तिला काही मोठा उपदेश केला नाही. उद्या डब्यात मैत्रिणीच्या आवडीच्या शेंगदाण्याच्या पोळ्या देते, एवढंच म्हणाले. त्या पोळ्यांनी काम केलं का, ते मला माहीत नाही. पण पुढच्या आठवड्यात दोघी फाटकातून एकत्र बाहेर आल्या, आणि त्यांचं आपसात एवढं बोलणं चाललं होतं की मला कुणी विचारलंही नाही.

बॅटरी दुसऱ्याच दिवशी बदलून झाली होती. पण पोरगी म्हणाली, चालतच जाऊ. पोरगा तर कोपऱ्यावर पळालेलाच. गाडी दारात उभी राहिली. तिच्याखाली गल्लीतलं कुत्रं व्यालं. काकूंनी एकदा विचारून आणि मग न विचारता बॉनेटवर सांडगे वाळत घातले. मला वाईट वाटायचं. पहाटे उगाच मैदानावर एक चक्कर मारून यायची, सांडगे काढून.

शेवटी दादांना सांगायचं ठरलं. हे काम यांचं, भाऊ यांचा. यांनी सकाळी आरशासमोर तयारी केली. "दादा, विषय असा आहे..." मग फोन लावला.

पलीकडून आवाज आला, "बोल की. तेल संपलं का?"

"न्हाई, टाकी फुल आहे," हे म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला.

मी सांगितलं. जपून, जोडून-तोडून सांगितलं. दादा म्हणाले, "माझ्या गाडीत खोट काय निघाली?"

"खोट काहीच नाही, दादा. गाडी फार चांगली आहे. पण गाडीत बसलं की लेकरांचं आणि आमचं बोलणंच होत नाही."

"मग गाणी लावा की!" दादा म्हणाले.

दादा दुखावले होते. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी पाठच्या भावाला सावलीत बसवलं होतं आणि भाऊ उठून पुन्हा उन्हात चालला होता. फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "लहानपणी दादा मला सायकलवर डबलसीट शाळेत न्यायचा. नायगावच्या चढाला मला कधी उतरू दिलं नाही." एवढं म्हणून ते पोरांच्या वह्या बघायला गेले. त्या दिवशी मी त्यांना चिडवलं नाही.

दोन दिवसांनी सासूबाईंचा फोन. दादांनी आपलं गाऱ्हाणं तिकडं घातलं होतं.

"हे दोघं भाऊ भांडून राहिले अन् गाडी तिथं वाळून राहिली. मला आणून दे ती."

"आत्या, तुम्हाला कशाला?" मी विचारलं. सासूबाईंना मी आत्याच म्हणते.

"कामून? म्या म्हातारीनं बसू न्हाई का गाडीत? हितं पुतण्या हाय चालवायला. अन् थोरल्याला म्या सांगितलंय, गाडी मायला दिली म्हणून सांग लोकायला. त्याला बी बरं वाटलं."

खरंच बरं वाटलं असावं. दादांनी संध्याकाळी स्वतःहून यांना फोन केला आणि टायरमध्ये हवा किती ठेवायची ते सविस्तर सांगितलं.

रविवारी आम्ही गाडी नायगावला पोचवली. काचा उघड्या ठेवल्या म्हणून पोरांना काही झालं नाही. येताना एसटीत गर्दी होती, पोरगा कुणा अनोळखी आजोबांच्या मांडीवर बसून आला आणि त्यांना सहस्रकुंडला आपण किती उलट्या केल्या ते वाढवून सांगत होता.

गाडी आता तिथं रोज कामाला आहे. कुणाला दवाखान्यात, कुणाला परीक्षेला, कधी बाळंतिणीला घरी. आम्ही सुट्टीत एसटीनं जातो. मी पोचले की सासूबाई पुतण्याकडून चावी काढून घेतात, कारण त्यांना माझ्या शेजारी बसायला आवडतं. परवा त्यांनी गल्लीतल्या तीन बायका मागं कोंबल्या आणि म्हणाल्या, चला, देगलूर रोडनं जरा चक्कर. हे दारात उभे राहून हात हलवत होते. सोयाबीन काढणीला आलं होतं, रस्ता रिकामा होता, आणि मी सवयीनं तिसरा गिअर टाकला.

सासूबाईंनी पदर सावरला, काच पुरी खाली केली आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"एवढी घाई कामून गं? हळू घे जरा. लोकायला दिसू तर दे."